नुसतं बघायला आलोय

लग्नाच्या बस्त्याला कोणाकोणाला न्यायचं, यावरून आमच्याकडे लग्नं मोडता मोडता राहिली आहेत. मानपानाची भांडणं वेगळी, ती मांडवात होतात आणि मांडवातच मिटतात. बस्त्याचं तसं नाही. मुलाची आत्या गेली आणि मुलीची मावशी राहिली, की पुढे जन्मभर ती मावशी प्रत्येक कार्यात "आमाला कोण इचारतंय" इथूनच सुरुवात करते. म्हणून मग सगळ्यांनाच न्यायचं, असा तोडगा निघतो. दोन्हीकडची मिळून तीस-पस्तीस माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर, दोन-तीन मोटारी, आणि कोणाची कोण हे शेवटपर्यंत न कळलेली एक म्हातारी. एवढा फौजफाटा सकाळी दहाच्या सुमाराला कोल्हापुरात महाद्वार रोडच्या नाहीतर राजारामपुरीच्या एखाद्या चार मजली कापड दुकानासमोर उतरतो आणि दुकानाचा माणूस हात जोडून म्हणतो, "या पावणं, वर चला. च्या सांगितलाय."

बस्ता म्हणजे लग्नातली झाडून सगळी कापडखरेदी एका दुकानात, शक्यतो एका दिवसात. नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा आणि नवरदेवाचा पोशाख मुलीकडच्यांनी, असा जुना रिवाज. हल्ली बरेच जण सगळा खर्च निम्मा-निम्मा करतात, पण शालू पसंत करताना पहिलं बोलायचा मान अजून वरमाईचाच. दुकानाचे मजलेही या रिवाजाला धरूनच लावलेले. तळमजल्यावर रोजच्या साड्या आणि ड्रेस मटेरियल, पहिल्यावर शालू, पैठण्या, कांजीवरम, त्याच्यावर सूटिंग-शर्टिंग आणि शेरवान्या, आणि अगदी वर, जिथे पंखा एकच आणि उकाडा भरपूर, तिथे आहेराचा माल. डझनावारी टॉवेल-टोप्या, खणांचे गठ्ठे, ब्लाउज पीस आणि 'द्यायच्या साड्या'. या साड्यांची एक गंमत आहे. देणारीला ठाऊक असतं आणि घेणारीलाही, की ही नेसायची नाही, पुढे कुणाला तरी द्यायची आहे. आमच्या नात्यात एक मोरपंखी साडी अशी फिरत फिरत मूळ मालकिणीकडे परत आली. तिने ती काठावरून ओळखली आणि अवाक्षर न काढता पुढच्या बारशात खपवली.

शालूच्या मजल्यावर खुर्च्या नसतात. चपला खाली काढायच्या आणि पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं. समोर जो उभा असतो त्याला सगळे 'दुकानातला पोरगा' म्हणतात, मग त्याचे केस पांढरे का झालेले असेनात. हा माणूस कसबी. नमस्कार करता करता एवढ्या बायकांत निर्णय कोणाच्या हातात आहे हे तो हेरतो. नवरीकडे तर तो बघतही नाही. वरमाईशी गोड बोलतो, पण नजर मागे, भिंतीला टेकून बसलेल्या आणि अजून तोंड न उघडलेल्या आत्याबाईंवर. "आक्का, तुमी सांगा काय दावू. न्हाई पटलं तर घिऊ नका. बघायला काय पैसं पडत न्हाईत."

आणि मग घड्या मोडायला लागतात. एकावर एक, पदर आमच्याकडे, काठ त्याच्याकडे. आंबा, मोर, कोयरी, बुट्टी. राणी रंगावर कोणी ठाम, तर कोणाला "राणी आमच्यात गेल्या लग्नात झालाय". ढीग गुडघ्याएवढा होतो. कोणीतरी म्हणतं, "ती खालनं तिसरी दाखवा परत," आणि तो न चिडता बरोबर तीच ओढून काढतो. एखादी मनात भरतेय असं वाटलं की तो स्वतःच्या पँटवर सराईतपणे निऱ्या घालतो, पदर खांद्यावर टाकतो आणि मिशीसकट आरशासमोर उभा राहतो. हसायला कोणाला येत नाही. सगळ्या जणी गंभीरपणे त्याच्या खांद्यावरचा पदर बघत असतात. मग "उजेडात दाखवा" हा हुकूम सुटतो, आणि तो शालू घेऊन दोघी-तिघी जिना उतरून रस्त्यावर जातात. महाद्वार रोडच्या गर्दीत, देवीला निघालेल्या परगावच्या भाविकांच्या मधोमध, भर उन्हात शालूचा पदर धरून उभ्या राहतात. अनोळखी बायका थांबून मत देऊन जातात.

या सगळ्या वेळात पुरुष काय करतात? तळमजल्यावर भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे पेपर असतो आणि ऊसदर, 'गोकुळ' दूध संघाची निवडणूक, यंदा पंचगंगेचं पाणी कुठवर येणार हे विषय असतात. त्यांना फक्त पैसे देताना वर बोलवायचं. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या प्रसिद्ध दुकानात बायकांची वाट बघत थांबलेल्या नवऱ्यांसाठी वर्तमानपत्रं ठेवलेला खास दिवाणखाना होता, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या दुकानाविषयी एकदम जिव्हाळा वाटला. दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच माणसालाही हे कळलं होतं तर. लहान मुलांना तिथे रंगीत चित्रांची कार्डं फुकट मिळत. आमच्याकडे कापडी पिशवी आणि भिंतीवरचं कॅलेंडर मिळतं.

पण बाँ मार्शेची खरी करामत दिवाणखान्यात नव्हती. अरिस्तिद बुसिको नावाचा माणूस १८५२ मध्ये त्या दुकानात भागीदार म्हणून शिरला आणि त्याने दुकानदारीची रीतच पालटली. त्याआधी दुकानात शिरायचं म्हणजे काहीतरी घ्यायचंच, असा अलिखित करार असे. भाव दुकानदार सांगेल तो, मग घासाघीस. बुसिकोने प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिली, ती सगळ्यांना सारखी. दार उघडं ठेवलं. कोणीही यावं, हात लावून बघावं, काही न घेता निघून जावं. घेतलेली वस्तू आवडली नाही तर परत आणावी. यातली एकेक गोष्ट इतर काही दुकानांत आधीही होती, पण त्याने सगळ्या एका छपराखाली आणल्या, नफा कमी ठेवला आणि खप वाढवला. बाईमाणसाला एकटीने, कोणाच्या सोबतीशिवाय, तासन्‌तास घालवता येईल अशी जागा त्या काळच्या शहरात दुर्मीळ होती. देऊळ, नाहीतर माहेर. तिथे आता दुकान आलं.

पुढे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज या अमेरिकन गृहस्थाने १९०९ मध्ये लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपलं प्रचंड दुकान उघडलं. त्याची एक गोष्ट सांगतात. तो आधी कधीतरी लंडनला आला असताना एका दुकानात शिरला. काय पाहिजे, असं तिथल्या माणसाने विचारलं. नुसतं बघतोय, म्हटल्यावर त्याला सरळ दाराबाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. खरं-खोटं तो जाणे, पण त्याने स्वतःच्या दुकानात बघण्याचीच चैन केली हे नक्की. त्याच वर्षी ब्लेरियो या फ्रेंच वैमानिकाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, तर सेल्फ्रिजने ते विमानच आणून दुकानात मांडलं. विमान काही विकायचं नव्हतं. लोक बघायला आले, आणि आले ते मोजे घेऊन गेले. १९२५ मध्ये जॉन बेअर्ड या संशोधकाने आपलं दूरचित्रवाणीचं यंत्र लोकांना दाखवलं तेही याच दुकानात.

आमच्या गादीवरच्या "बघायला काय पैसं पडत न्हाईत" ला मात्र खालून एक बारीक अट चिकटलेली असते. पैसे पडत नाहीत, पण भीड पडते. तुमच्यासाठी चहा आलेला आहे. तुमच्यासाठी चाळीस घड्या मोडलेल्या आहेत, त्या परत घालायला दोन पोरांचा तास जाणार आहे. दुकानदार तुमच्या वडिलांना ओळखतो, तुमच्या काकाचा बस्ता त्याच्याच बापाच्या हाताखालून गेलेला आहे. आता उठून जाऊन दाखवा. एकतरी साडी घेतल्याशिवाय त्या जिन्यावरून खाली उतरायला कोल्हापुरात भलतं काळीज लागतं.

माझ्या आईकडे यावर उपाय होता. मंगळवार पेठेतून महाद्वार रोड चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे बघायची हौस दांडगी आणि पैसे बेताचे. मनसोक्त साड्या उलगडून झाल्या की ती चेहरा पाडून म्हणायची, "यांना एकदा विचारून येते." दुकानदार समजुतीने मान हलवायचा. बाबांना यातलं काहीही कळत नसे. साडीच्या रंगाबद्दल त्यांचं मत जन्मात कोणी विचारलं नाही, पण महाद्वार रोडवर त्यांची ख्याती अशी, की या वैनींचे मालक फार कडक. बायकांनी त्या काळात नवऱ्याच्या नावावर असे किती जिने सुखरूप उतरले असतील!

अशा आईला मामीने एका मे महिन्यात मुंबईत फोर्टमधल्या 'अकबरअलीज'मध्ये नेलं. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो होतो, मी फ्रॉकात. मुंबईत मोठी दुकानं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. व्हाइटअवे लेडलॉ, आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स ही नावं गोऱ्या साहेबांच्या आणि मडमांच्या सोयीसाठी आलेली. काळा घोड्याच्या इमारतीला आर्मी अँड नेव्ही हे नाव अजून आहे. पण आईच्या मनात त्या दुकानांची आठवण असण्याचं कारण नव्हतं. तिच्यासाठी अकबरअलीज हेच पहिलं. ती आत गेली आणि दाराशी थबकली, कोणीतरी "या, बसा" म्हणेल म्हणून. कोणी म्हटलं नाही. काचेच्या बरण्या, कपबश्या, टॉवेल, पावडरीचे डबे, स्वेटर, खेळणी, सगळं एकाच ठिकाणी आणि सगळ्यावर किंमत लिहिलेली. ती प्रत्येक गोष्टीला बोट लावत होती आणि मागे वळून बघत होती, कोणी रागावतंय का. कोणाचं लक्षच नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती त्या दुकानात फिरली. बाहेर पडताना केसांच्या पिना घेतल्या, त्यासुद्धा मामीला बरं वाटावं म्हणून. रात्री मामाच्या खोलीत अंथरुणं घालताना म्हणाली, "कुणीच काही विचारलं नाही गं मला." त्यात आनंद होता, आणि थोडी तक्रारही. ती तक्रार मला पुष्कळ वर्षांनी कळली.

कोल्हापूरला मोठं दुकान आलं ते साहेबाच्या हातून नाही की शेठजीच्याही नाही, सहकारातून आलं. दूध, साखर, खतं, सगळं सहकारात, तर किराणा आणि कापड का मागे राहील? राजारामपुरीत जनता बाजार, भवानी मंडपाशी शेतकरी संघाचा बझार, आणि तिकडे वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या वारणा समूहाचा वारणा बाजार. वारणा बाजारची गोष्ट मला विशेष वाटते. उसाच्या रानात, साखर कारखान्याच्या शेजारी, किराणा, कापड, भांडी एका छताखाली मांडायची ही कल्पना अनेक मोठ्या शहरांनाही तेव्हा सुचली नव्हती. देशभर ही लाट १९६६ च्या आगेमागे आली. त्या वर्षी रुपयाचं अवमूल्यन झालं, धान्याची टंचाई होतीच, भाव भडकले, आणि सरकारने ग्राहक सहकारी भांडारांना जोर दिला. दिल्लीचं 'सुपर बाजार' त्याच वर्षीचं. मुंबईच्या नायगावातून १९४८ मध्ये निघालेला 'अपना बाजार' त्याच्याही आधीचा. राजारामपुरीत आजही रिक्षावाल्याला 'जनता बाजार चौक' एवढं सांगितलं की पुरतं.

सहकारी भांडारांत बघण्याचं स्वातंत्र्य अमर्याद होतं, कारण तुम्हाला काही दाखवायला कोणी जागचं उठतच नसे. हे मी कुठल्या एका भांडाराबद्दल बोलत नाही, त्या काळची ती एकूण रीतच. काउंटरमागच्या बाई विणत असत. पातेल्याची किंमत विचारली तर "लिहिलीय बघा" म्हणत. पण माप चोख, भाव ठरलेला, आणि साखर-रॉकेलच्या रांगेत डॉक्टरीणबाई आणि त्यांची धुणंवाली एकामागे एक उभ्या. माझ्या मते बुसिकोच्या जवळ जायचं तर आपण एवढेच गेलो.

आमच्या बाजाराचं पंचांगही सहकाराच्याच हातात आहे. गोकुळ दूध संघ दिवाळीच्या तोंडावर उत्पादकांना दुधाच्या दरातला फरक देतो. हा पैसा गावागावांतल्या दूध संस्थांतून घरात येतो, आणि म्हशीचं सगळं करणारी बाईच असल्याने त्यातल्या थोड्यातरी पैशावर तिचा शब्द चालतो. मग करवीर, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, कागल इथून एसट्या भरभरून येतात. बिनखांबी गणेश मंदिरापासून पापाच्या तिकटीपर्यंत मुंगीला वाट नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, त्यांच्या पुढे फिरते विक्रेते, त्यांच्या पुढे माणसं, आणि या सगळ्यातून मार्ग काढणारा एखादा दुचाकीवाला, ज्याला सगळे शिव्या घालतात. आकाशकंदील, पणत्या, उटणं, मुलांचे फ्रॉक, पायपुसणी, किल्ल्यावरचे मावळे. "कुठलंबी घ्या शंभर, कुठलंबी घ्या शंभर" हा सूर कानात घरी गेल्यावरही वाजत राहतो. त्यानंतर कारखान्यांचं गाळप सुरू होतं, उसाची पहिली उचल खात्यावर जमा होते, तुळशीचं लग्न लागलेलं असतं, आणि बस्त्यांचा हंगाम उघडतो.

कोणी म्हणतं, महाद्वार रोड आणि आजूबाजूच्या गल्ल्या म्हणजे छप्पर नसलेलं डिपार्टमेंटल स्टोअरच. सोन्याला गुजरी, चपलांना चप्पल लाइन, भाजीला कपिलतीर्थ, धान्याला लक्ष्मीपुरी. ऐकायला बरं वाटतं, पण मला हे पटत नाही. स्टोअरमध्ये एका खात्यातून दुसऱ्यात जाताना तुम्ही कोण हे कोणाला ठाऊक नसतं. गुजरीतून कपिलतीर्थापर्यंत चालत जा, किमान चार जण विचारतील, "काय वैनी, काय काढलंय घरात?" तिथे तुम्ही काय घेतलं, कितीला घेतलं आणि का घेतलं हे तुमच्या आधी घरी पोचतं.

मॉल आला तेव्हा हे बदलेल असं वाटलं होतं. कावळा नाक्याजवळ सरकता जिना सुरू झाला आणि काही महिने तो जिना हेच मॉलमधलं सगळ्यात चालणारं खातं होतं. खेड्यातून आलेली अख्खी कुटुंबं त्याच्या पायथ्याशी उभी. पोरं पाच-सहा फेऱ्या मारून मोकळी, आणि आजी निऱ्या मुठीत धरून, एक पाय पुढे, एक मागे. माझ्या आत्याने "अंबाबाई गं" म्हणत डोळे मिटूनच पाऊल टाकलं होतं, आणि वर पोचल्यावर डोळे उघडायला विसरली. यात हसण्यासारखं काही नाही. लंडनच्या हॅरॉड्समध्ये १८९८ साली पहिला सरकता जिना बसला, खरं म्हणजे चामड्याचा सरकता पट्टाच तो, तेव्हा वर पोचलेल्या गिऱ्हाइकांच्या जिवाला धीर यावा म्हणून त्यांना ब्रँडी दिली जात होती. आमच्या आत्याला वर पोचल्यावर मक्याचे वाफाळते दाणे मिळाले, कपात, चाळीस रुपये. त्याचा धक्का जिन्यापेक्षा मोठा.

या नव्या दुकानांच्या गोंधळाबद्दल मला एक गोष्ट फार उशिरा कळली. तो बराचसा ठरवून केलेला असतो. 'बिग बझार' काढणाऱ्या किशोर बियाणींच्या लक्षात आलं होतं, की चकचकीत, मोकळ्या, शिस्तीत लावलेल्या दुकानात आपला माणूस बिचकतो. महाग असणार, असं म्हणून बाहेरूनच परततो. म्हणून त्यांनी वाटा अरुंद ठेवल्या, माल टोपल्यांत ओतला, लोकांनी उकरावं, चिवडावं, शेजारणीला धक्का द्यावा असा बेत केला. २००६ च्या प्रजासत्ताक दिनाला त्यांनी सर्वात स्वस्त दिवस जाहीर केला, तर अशी झुंबड उडाली की काही ठिकाणी शटर ओढायची वेळ आली. ती दुकानं पुढे २०२२ मध्ये त्यांच्या हातून गेली, पण त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. उकरून काढलेली वस्तू आपल्याला आपण जिंकलेली वाटते.

मी स्वतः अशा उकरण्यात हौसेने भाग घेते, पण सेलमधल्या एका दुपारी एका मोठ्या दुकानात जे झालं ते सांगते. दुकान कुठलं ते जाऊ द्या. कुर्त्यावर पट्टी निम्म्या किमतीची, बिलावर किंमत पूर्ण. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सिस्टीममध्ये हेच येतंय." वरिष्ठाला बोलावलं, त्यानेही सिस्टीमकडे बघितलं. पट्टी माझ्या हातात होती, कुर्ता त्याच्या हातात, आणि दोघांच्या मध्ये ती सिस्टीम. मागे रांगेत ट्रॉलीत बसलेलं एक पोर बिस्किटाचा पुडा फोडून खात होतं, त्याची आई मला "ओ मावशी, सोडा की" म्हणत होती. गादीवरच्या दुकानात असं झालं असतं तर मालक म्हणाला असता, "ऱ्हाऊ दे वैनी, तुमचंच दुकान हाय," आणि प्रत्यक्षात वीस रुपये कमी केले असते. पण भांडायला माणूस समोर असता. इथे मी एका पडद्याशी हरले.

सेल ही गोष्टसुद्धा बुसिकोच्या घराण्यातली. नाताळ सरला की पॅरिसमध्ये मंदी येई, तेव्हा त्याने चादरी, टॉवेल, पांढरं कापड यांचा खास महोत्सव सुरू केला असं सांगतात. आमच्याकडे तीच अडचण आषाढात. लग्नं नाहीत, सण नाहीत, धो धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर, एसट्या रिकाम्या. म्हणून आषाढ सेल. ओल्या छत्र्यांचा दुकानाच्या दाराशी ढीग पडतो, गादीची चादर पायांनी काळवंडते, आणि त्यातच बायका पुढच्या वर्षीचा आहेर भरून ठेवतात.

परवा दिवाळीत पुण्याची भाची आली होती. तिला पैठणी बघायची होती, बघायची म्हणजे तिच्या भाषेत खरंच बघायचीच. गादीवर बसली, घड्या मोडायला लावल्या, आणि प्रत्येक साडीचा फोटो काढून तिथल्या तिथे मोबाइलवर तीच साडी कितीला मिळते हे शोधायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईची युक्ती आठवली, पण भाचीचं लग्न झालेलं नाही आणि झालं असतं तरी ती तसं म्हणाली नसती. दुकानातला पोरगा, साठीचा असेल, थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, फोटो काढताय तर हिकडं दारात या. ट्यूबलाइटात रंग येगळा येतोय." आणि स्वतः पदर पसरून उन्हात उभा राहिला.

फोटो गेले. आई पुण्यात, एक मैत्रीण बंगळूरला, एक कुठे तरी जर्मनीत. फोन टिंगटिंग वाजायला लागला.

"काय म्हणत्यात?" त्याने विचारलं.

"दोघींना आवडली. आई म्हणते काठ बारीक आहे."

"आईसाब बरोबर बोलल्या," तो म्हणाला, आणि जिन्याकडे तोंड करून ओरडला, "मोठ्या काठाच्या काढ रे, सगळ्या!" मग स्वतःचं स्टूल पुढे ओढून त्यावर भाचीचा फोन उभा केला, पाठीमागे कापडाचा तागा टेकू म्हणून लावला, आणि निऱ्या घालायला घेतल्या.